सव्वा तासाचं मरण

३ मार्च

ढब्बू,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा. फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘हं, हं’ करत दुसरंच काहीतरी टाईप करत असतोस. ती खटखट मला ऐकू येते. कागद निदान दोन्ही हातांनी धरावा लागेल.

रविवारी तुझ्या मालिकेचा भाग पाहिला, ताईकडे बसून. तुझी आई दर रविवारी पाऊण तास आधीच टीव्हीसमोर जाऊन बसते, जणू तू स्वतः काचेतून बाहेर येऊन चहा मागणार आहेस. तर, यानावरचा फिटर मरतो. नळी फुटते, वाफ येते, मरतो. ठीक आहे. मग तुझी ती डॉक्टरीण, जिचे केस अंतराळातसुद्धा आत्ताच पार्लरमधून आल्यासारखे असतात, त्याला अठरा तासांनी जिवंत करते. अठरा तास! मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. अठरा तासांनी माणसाचं काय झालेलं असतं, ते मला विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं, आणि तू दोन दिवस जेवला नसतास. शिवाय बाईंनी ऑक्सिजनचा मास्क उलटा धरला होता. नाकाची बाजू हनुवटीला.

पण मास्क गेला खड्ड्यात. माझा राग वेगळा आहे. त्या फिटरच्या ग्रहावरच्या लोकांची श्रद्धा अशी, की आपण मेल्यावर आपली आधी गेलेली माणसं एका उंबरठ्यावर उभी असतात आणि हात धरून आत नेतात. हा डोळे उघडतो आणि म्हणतो, ‘तिथे कोणी नव्हतं. उंबरठाच नव्हता.’ मग तुझा कप्तान खिडकीतून ताऱ्यांकडे बघत विचारात पडतो, की हे त्याच्या लाखो लोकांना कळवावं का दडपावं. संगीत. उत्तरार्ध चार आठवड्यांनी.

मुळात त्याला विचारलं कोणी? शुद्धीवर येणाऱ्या माणसाला आम्ही नाव विचारतो, दुखतंय का विचारतो, जीभ बाहेर काढ म्हणतो. ‘पलीकडे काय दिसलं’ असं विचारणारी नर्स मी त्याच दिवशी घरी पाठवली असती.

तर उत्तरार्ध बदल. फिटरला काहीतरी दिसलं होतं, असं दाखव. नंतर आठवलं म्हणावं. आजारी माणसाला नंतर काहीही आठवू शकतं. कारण विचारू नकोस.

मावशी

१० मार्च

प्रिय मावशी,

बोलणी खाल्ली, पोट भरलं. पत्र आमच्या लेखकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. मास्कवाल्या बाई रुसल्या आहेत.

तुला वाटतंय मी श्रद्धेची टिंगल केली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी वाढवलेल्या बाईला तसं वाटणारच. पण नीट बघ ना. फिटर खरं बोलतोय, आणि त्या खऱ्याने लाखो माणसांचं मरण अवघड होणार आहे. खोटं बोलला तर एकट्या त्याचं जगणं अवघड होईल. कप्तानाला यातलं एक निवडायचंय. शेवटी ‘नाही हो, दिसलं होतं’ असं म्हटलं, तर कोणालाच काही निवडायला नको. ती पळवाट झाली. प्रकाशाचा वेग मी दर रविवारी मोडतो, ते मला चालतं. पण माणसाने जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायला लावणं, हे माझ्याकडून होणार नाही.

आईला भाग आवडला का? फोनवर ‘छान होता’ एवढंच म्हणाली आणि ठेवला. जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती. वजन वाढलंय का तिचं? तू जरा रागव.

तुझा,
ढब्बू

१५ मार्च

ढब्बू,

वजन! शाबास. तीस दिव्यांच्या उजेडात मरणावर चर्चा करतोस आणि आईची धाप तुला वजन वाटते.

तिने मला शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही म्हणून. मोडते. आमच्या मदर सुपीरियरनी मला दोन गोष्टी शिकवल्या, चादरीचे कोपरे दुमडणं आणि खोटं न बोलणं. चादरीचे कोपरे अजून उत्तम जमतात.

ताईच्या हृदयाची झडप कामातून गेली आहे. दगडासारखी झालीय. बदलली नाही तर सहा महिने, फार तर वर्ष, हे सर्जनचे शब्द. ऑपरेशनची तारीख वीस एप्रिल. त्यात हृदय थांबवतात. मशीन रक्त फिरवतं, माणूस सव्वा तास तसा पडून असतो, मग हृदय पुन्हा चालू करतात. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. सर्जननी ताईला हे सगळं चित्र काढून समजावलं, आणि ती ‘बरं’ म्हणाली होती. मग तुझा रविवार उजाडला. सोमवारी मी सहीचा फॉर्म घेऊन गेले.

‘रद्द कर,’ म्हणाली.

‘काय रद्द कर? भाजीची ऑर्डर आहे का?’

‘ढब्बूने दाखवलं ते पाहिलंस ना?’

‘ढब्बू जीवशास्त्रात दोनदा नापास झालाय, ताई.’

‘मरून परत यायचं. तेवढं मला कळलं. मला तसं नाही करायचं.’

‘अगं, हे मरण नव्हे.’

‘हृदय बंद असणार ना? मग अजून कशाला मरण म्हणतात?’

आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आता यातलं काय समजायचं बाकी आहे? भाऊजी गेल्यापासून अकरा वर्षं ती त्यांना भेटायच्या आशेवर उभी आहे. तुझा फिटर सांगतो, तिथे कोणी नाही. त्या सव्वा तासात तिलाही कोणी दिसलं नाही, तर पुढे जगायचं कशावर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असा तिचा हिशेब. हा पराक्रम तुझा आहे, तूच निस्तर. तुझं ते निवडणं वगैरे घाल चुलीत आणि फिटरला बाप दाखव.

मावशी

२० मार्च

मावशी,

पत्र वाचून आईला फोन केला. ‘काही नाही रे, जरा दम लागतो’ म्हणाली आणि तू मफलर वापरतोस का विचारलं. मी सरळ ऑपरेशनचा विषय काढला, तर म्हणाली, ‘तुझी मावशी चोमडी आहे,’ आणि फोन ठेवला. मग उचललाच नाही.

बदललं सगळं. दोन दिवस निर्मात्याशी भांडलो. आता उत्तरार्धात फिटरला हळूहळू आठवतं, की उंबरठा होता. त्याचा बाप तिथे उभा होता. बापाने हात पुढे केला होता, एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी याला मागे ओढलं. कप्तान सुटकेचा निःश्वास सोडतो. संगीत.

लिहिताना लाज वाटली. सहकारी म्हणाले, हे तुझं नाही वाटत. मी म्हटलं, मावशीचं आहे. मावशी, हे करून आई सही करेल ना? तेवढं झालं तर मी जन्मभर वाईट लिहायला तयार आहे.

ढब्बू

३० मार्च

ढब्बू,

काल उत्तरार्ध पाहिला. ताई हात जोडून बसली होती. तो बाप आला, वाईट मेकअप केलेला, दाढी कानापासून सुटत होती. त्याने हात पुढे केला आणि ताई रडायला लागली. बरं वाटून रडतात तशी. मी मनात म्हटलं, चला, गाढवाने एक काम केलं. पेन आणि फॉर्म पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

ती डोळे पुसून म्हणाली, ‘बघितलंस? असंच होणार.’

‘म्हणजे आता भीती गेली ना? कर सही.’

‘आता तर मुळीच नाही.’

का म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘तुला वाटलं तिथे कोणी नसेल म्हणून मी घाबरले? कोणी नसेल तर मला कळणार तरी कसं? माझी भीती ते तिथे असतील हीच आहे. अकरा वर्षं उभे आहेत. मी समोर जाणार, ते हात पुढे करणार, आणि सव्वा तासाने मी पाठ फिरवून परत येणार. एका झडपेसाठी! एकदा त्यांना टाकून आंघोळीला घरी गेले होते, तेव्हा गेले ते. दुसऱ्यांदा मी त्यांना तसं टाकून येणार नाही. मी जाईन तेव्हा एकदाच जाईन, राहायलाच.’

‘ताई, असं काही नसतं.’

‘तूच तर सांगितलंस. तुझ्याच हातात हात होता ना त्यांचा? काय म्हणाले होते? “ती येईपर्यंत मी थांबतो.” आता थांबलेल्या माणसाला तोंड दाखवून परत यायचं?’

मी फॉर्म पर्समध्ये ठेवला.

म्हणजे पहिल्या भागातसुद्धा तिला फिटरला काय दिसलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. माणूस परत आला, एवढंच तिने पाहिलं होतं. आणि मी, शहाणी, तुला बाप उभा करायला सांगितला.

आज एवढंच. पुढचं उद्या लिहिते.

मावशी

७ एप्रिल

मावशी,

‘उद्या लिहिते’ म्हणालीस त्याला आठवडा झाला. पत्र नाही, फोन तू उचलत नाहीस. वीस तारखेला तेरा दिवस राहिलेत.

एक विचारतो, रागावू नकोस. बाबा खरंच तसं म्हणाले होते?

आईने मला ते वाक्य पूर्वीही सांगितलंय. तेव्हा मी रडलो होतो. आता पत्रात वाचलं आणि वेगळंच वाटलं. बाबा आयुष्यात कोणासाठी थांबले नाहीत. लग्नाला जायचं तर आई साडी नेसेपर्यंत हे कोपऱ्यावर पोचलेले असायचे. आणि शेवटचे दोन दिवस त्यांची जीभ वळत नव्हती, मी स्वतः फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला होता, तेव्हा नुसता घशातला आवाज आला होता. मग एवढं अख्खं वाक्य? कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी?

ते वाक्य लिहिलेलं आहे, मावशी. मी पोटासाठी असली वाक्यं लिहितो. मला वास येतो.

ढब्बू

१२ एप्रिल

ढब्बू,

तुझं नाक चांगलं आहे. जीवशास्त्रात कसा नापास झालास कोण जाणे.

आमच्या रुग्णालयात एक रीत होती. कुठल्या पुस्तकात नव्हती, पण प्रत्येक जुन्या नर्सला ठाऊक होती. माणूस गेला की नातेवाईक विचारतात, ‘शेवटी काही बोलले का?’ बहुतेक जण काही बोलत नाहीत. घरघर होते आणि संपतं. पण ते दारातल्या बाईला सांगायचं नाही. तिला एक वाक्य द्यायचं. कोणी ‘तुमचं नाव घेतलं’ द्यायची, कोणी ‘हसले आणि गेले’. माझी वाक्यं सगळ्यांत चांगली असायची. नव्या मुली माझ्याकडून मागून न्यायच्या. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते. फिटरच्या तोंडी खोटं घाल म्हणून तुला दरडावणारी बाई हीच.

त्या दिवशी मी ताईला म्हटलं, तीन दिवस झाले अंगावर तेच कपडे आहेत, घरी जाऊन आंघोळ करून ये, मी बसते. बसलेही. पावणेतीनला थिएटरमधून निरोप आला. पोटाचं ऑपरेशन, आणि रक्त टिपायच्या गॉजचा एक तुकडा कमी भरत होता. मोजून आत जातात, मोजून बाहेर येतात, एक कमी असला तर पोट शिवायचं नाही. इन्चार्जने स्वतः येऊन मोजायचं. मी गेले. पंचवीस मिनिटं शोधत होतो. तो तुकडा सर्जनच्या बुटाला चिकटलेला सापडला. परत आले तेव्हा भाऊजी गेलेले होते. हात धरायला कोणी नव्हतं. मी नव्हते. ताई ओल्या केसांनी दारात आली आणि तिने तेच विचारलं, जे सगळे विचारतात.

काल जाऊन तिला सांगितलं. ती इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकताना थांबली नाही.

‘मग ते वाक्य?’

‘माझं.’

‘तेव्हाच सुचलं?’

मी ‘हो’ म्हणू शकले असते. म्हटलं, ‘नाही. दोन वर्षं आधी एका बाईला दिलं होतं. तिला आवडलं होतं.’

ताईच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो तिने चार वेळा दुमडला, इतका की घडीच राहीना. ‘दुसऱ्या बाईचं वापरलेलं,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘फॉर्म आण.’

सही केली तेव्हा कागद फाटला, खालच्या टेबलाच्या प्लॅस्टिकवर तिचं नाव उमटलं. ‘आता जा,’ म्हणाली. गेले.

तू ये. मला ती तिथे येऊ देणार नाही.

मावशी

१४ एप्रिल

चि. ढब्बू,

तुझ्या मावशीने कळवलं असेलच, ती गप्प बसणारी नव्हे. मी सही केली आहे. अठरा तारखेला भरती व्हायचंय. तू ये, येताना ते जाड मोजे आण, इथे फरशी गार असते.

अकरा वर्षं मी कुठे गेले तरी घाईत असायचे. बाजारात, बँकेत, तुझ्याकडेसुद्धा. आपलं माणूस थांबलंय असं वाटायचं. आता कळलं, कोणी थांबलं नव्हतं. ऐकून मला एकदम हलकं वाटलं. तसं वाटायला नको होतं रे. त्याचाच सगळ्यांत जास्त राग आलाय.

मावशीला आत सोडू नकोस.

तुझा तो दुसरा भाग वाईट होता. मी रडले ते खरं, पण तो वाईट होता. पहिल्यात तो पोरगा खरं बोलत होता.

आई

२० मे

ढब्बू,

तू दोन तारखेला गेलास, त्यानंतरचा वृत्तान्त.

आधी ऑपरेशनच्या दिवसाचं. तू मला वर येऊ दिलं नाहीस, बरोबरच केलंस. मी खाली नातेवाइकांच्या खोलीत पाच तास बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला. काय त्या खुर्च्या! पाठ मोडायलाच बनवल्यात. भिंतीवर टीव्ही, त्यावर तुझ्याच मालिकेचा जुना भाग, कोणीतरी पुन्हा मरून पुन्हा उठत होतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘चांगलं दाखवतात हो.’ मी म्हटलं, ‘मास्क उलटा आहे.’ ते दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

तू गेल्यावर तिच्यापुढे प्रश्न आला की जखमेचं ड्रेसिंग कोण करणार. घरी येणारी मुलगी चिकटपट्टी अशी ओढायची की झडप निघून हातात येईल. म्हणून मला येऊ दिलं. तेवढ्यापुरतं. मी बेल वाजवायची, तिने दार उघडायचं, खुर्चीत बसायचं, मान वळवून भिंतीकडे बघायचं. मी पट्टी बदलायची आणि जायचं. जखम सुरेख भरतेय. रंग चांगला आहे. दोन जिने न थांबता चढते, मी खालून पायऱ्या मोजत होते. भेटायला येणाऱ्या बायका माझ्यासमोर विचारतात, ‘आत असताना काही दिसलं का हो?’ त्यांना ती सांगते, ‘झोपले होते,’ आणि पुढचा प्रश्न येण्याआधी त्यांच्या सुनांची चौकशी करते. माझ्याशी मात्र एक शब्द नाही. अशा घरात मी तोंड बंद ठेवून अठरा दिवस वावरले, याची तुझ्या मालिकेत कोणी कल्पना केली नसती.

काल बोलली. मी जुनी पट्टी काढत होते. मला वाटलं, दुखतंय म्हणेल.

‘तो पलंग खिडकीशी होता ना?’

‘हो.’

‘पडदा?’

‘अर्धा ओढलेला. ऊन यायचं म्हणून.’

‘पांघरूण?’

‘पायावरून सरकलं होतं.’

‘तू परत आलीस तेव्हा डोळे मिटलेले होते?’

‘नाही. उघडे.’

‘कुठे बघत होते?’

ढब्बू, ‘दाराकडे’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. आयता, तयार. कुठल्याही बाईला तो पुरला असता. मला तो गिळावा लागला, आणि मी सांगते, इतकं कडू मी काही गिळलेलं नाही.

‘छताकडे,’ मी म्हणाले.

मी नवी पट्टी कापून हातात धरून उभी होते. मग तिने मान वळवली. आणि म्हणाली, ‘त्या छताला पाण्याचा डाग होता. बुटासारखा. तीन दिवस आम्ही दोघं तोच बघत होतो.’

मी पट्टी चिकटवली. कडा नीट दाबल्या.

मावशी